ओल्या फडक्यानं पुसलेला कॉम्प्युटर

आनंदराव टेंभुर्णे भित्रे आहेत, हे भंडाऱ्याजवळच्या ठाणा पेट्रोल पंपामागच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉटच्या वस्तीत, सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते स्वतःही कधी नाकारत नसत. नाकारायचं कशाला? भिण्याचाच तर त्यांना पगार मिळत होता. जवाहरनगरच्या फॅक्टरीत, बारूद हाताळतात त्या शेडमध्ये त्यांनी उभी हयात काढली, आणि अशा जागी न भिणारा माणूस कामाचा नसतो. मनगटावर घड्याळ नको, खिशात नाणं नको, अंगावर नायलॉनचा धागा नको. आत शिरण्याआधी दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीवर तळहात टेकवायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. बाकीचे ती पट्टी जाता जाता थापटून जात. आनंदराव मात्र दोन्ही तळहात टेकवून उभे राहत, मागं रांग खोळंबली तरी. त्यांच्या मागं नेहमी सुखराम असायचा. तो म्हणायचा, विहारातही हा माणूस एवढा वेळ हात जोडून उभा राहत नसंल. पण हाच सुखराम घरी बायकोला सांगायचा की आनंदराव भितो म्हणून आम्ही सगळे संध्याकाळी जेवायला घरी येतो.

माणूस रिटायर होतो, पण त्याची भीती रिटायर होत नाही. क्वार्टर सुटलं, लेआउटमध्ये स्वतःचं घर झालं, सुखरामनंही समोरच्याच ओळीत प्लॉट घेतला आणि आनंदरावांची भीती त्यांच्या पाठोपाठ सामानासकट नव्या घरात राहायला आली. गॅसचं बटण ते झोपण्याआधी पुन्हा पुन्हा पाहत. उन्हाळ्यात पाण्याची मोटार चालू केली की तिच्याजवळ कोणाला फिरकू देत नसत. मंगलाबाई, म्हणजे त्यांची बायको, होत्या तोवर त्या या भीतीची टर उडवून तिला आवरत असत. त्या आजारानं गेल्या आणि भीतीला कोणी टोकणारंच उरलं नाही.

मंगलाबाईंच्या आजारपणात त्यांची सून दीपमाला पुण्याहून सेवेला आली होती, लहानग्या रुचिकाला कडेवर घेऊन. नवरा धम्मदीप तिकडेच नोकरीला. सासूबाई गेल्यावर दीपमाला 'थोडे दिवस' थांबते म्हणाली, आणि त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. रुचिका इथल्याच शाळेत जाऊ लागली. धम्मदीप दिवाळीला आणि भीमजयंतीला यायचा, पोरीला खांद्यावर बसवून मिरवणुकीत नाचायचा आणि परत जायचा. दीपमालाला पुण्याच्याच एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं होतं. लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि मराठीत टाइप करून पाठवायचं. आनंदरावांना हे सगळं आवडायचं. सकाळी तांदूळ निवडता निवडता आतून टकटक ऐकू यायची आणि घरात माणूस आहे असं वाटायचं.

टकटक कमी आणि थांबणं जास्त, हे मात्र खरं. कॉम्प्युटर धम्मदीपच्या इंजिनीअरिंगच्या दिवसांतला. बटण दाबायचं, चहा ठेवायचा, चहा पिऊन कप विसळायचे आणि येऊन पाहायचं, तरी पडद्यावर ते गोल आपलं फिरतंच आहे. टेबलाखालचा सीपीयूचा डबा उन्हाळ्यात असा घरघरायचा की शेजारचे विचारत, चक्की घेतली का. दीपमाला त्याच्यावर कधी चिडायची नाही. गोल फिरत असताना ती खिडकीबाहेर बघत बसायची, आणि आनंदराव मनात म्हणायचे, पोरगी किती सोशिक आहे.

यंदा जयंती झाली, धम्मदीप परत गेला आणि त्या आठवड्यात कंपनीकडून निरोप आला. येत्या सोमवारपासून काम नव्या सॉफ्टवेअरवर. आधी एक तपासणी चालवायची. ज्याचं मशीन त्यात पास होईल तो घरी बसून काम करील, ज्याचं होणार नाही त्यानं पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर काम सोडायचं. हे आनंदरावांना कोणी सांगितलं नाही. ते मागच्या दारी पपईला पाणी घालत होते आणि दीपमाला पाठमोरी उभी राहून नवऱ्याशी फोनवर बोलत होती.

"हा डब्बा पास नाही झाला तं यावंच लागन ना तिकडं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मंग बाबालेबी काही म्हणता नाही येणार."

आनंदरावांच्या हातातला पाइप तसाच राहिला आणि पपईच्या बुडाशी तळं झालं. पाचावर धारण बसणं म्हणतात ते हेच. शेडमध्ये त्यांना मरणाची भीती वाटायची, पण ती सगळ्यांच्या वाट्याची होती, डबा खाताना वाटून घ्यायची. ही एकट्याची होती. रिकाम्या घरात कूलरचा आवाज, एका माणसाचा भात आणि संध्याकाळी फाटकाकडे बघत बसणं, हे सगळं त्यांना त्या तळ्यात उभ्या उभ्या दिसलं.

रात्रीच्या जेवणात त्यांनी विषय काढून पाहिला. मला पेन्शन आहे, नवा कॉम्प्युटर घेऊन टाकू. दीपमाला ताटाकडे बघत म्हणाली, "कायले बाबा? चालते ना." मग भंडाऱ्याला मनिषच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दाखवून तरी आणू, असं ते म्हणाले. त्यावर ती म्हणाली, पाहू. सुनेला आपला पैसा खर्च होऊ द्यायचा नाही, असं आनंदरावांनी ठरवून टाकलं आणि त्यांना गहिवरूनही आलं. चांगल्या माणसांची ही एक खोड असते. समोरच्याच्या गप्प बसण्याचा ते आपल्या मनासारखा अर्थ लावतात.

रुचिकाला सुट्ट्या लागल्या होत्या. दीपमाला पोरीला घेऊन माहेरी, आंबागडला गेली. रविवारी संध्याकाळी येते म्हणाली. बस सुटली तसे आनंदराव घरी आले, खिडकीच्या लोखंडी गजाला दोन्ही हात लावून अंगातली वीज उतरवली आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

म्हाताऱ्या मशीनला पळायला कसं लावायचं, हे सांगणारी पोरं मोबाइलवर ढिगानं आहेत. आनंदरावांनी त्यांचे व्हिडिओ पाहिले, थांबवून पाहिले, पुन्हा पाहिले. मशीन सुरू होताना आपोआप उठणारी कामं बंद करा, म्हणाला एक. वापरात नसलेलं काढून टाका, म्हणाला दुसरा. आनंदरावांनी धम्मदीपचे जुने खेळ काढले, कॉलेजातली कसली कसली सॉफ्टवेअरं काढली. प्रत्येक वेळी मशीन इंग्रजीत विचारायचं, तुमची खात्री आहे का? आता ज्या माणसाला जन्मात कशाची खात्री वाटली नाही त्याला हा प्रश्न विचारावा का? आनंदरावांच्या तळहाताला घाम सुटायचा. दीपमालाच्या कामाचं काही यात अडकलं असेल आणि आपण ते पुसत असलो तर? ते उठून पाणी पिऊन यायचे, नाव पुन्हा वाचायचे आणि डोळे बारीक करून बटण दाबायचे. काही फुटत नाही असं पाहिल्यावरच श्वास सोडायचे.

एवढं करून मशीन थोडं सुधारलं. चहा पिऊन होईपर्यंत सुरू होऊ लागलं, कप विसळेपर्यंत थांबावं लागेना. पण काही वेळ चाललं की डबा तापायचा, पंखा घरघरायला लागायचा आणि मशीन पुन्हा बसकण मारायचं. आनंदरावांनी डब्याला हात लावून पाहिला आणि चटकन मागं घेतला. मागच्या जाळीला नाक लावलं तर तापलेल्या धुळीचा वास आला. उष्णता आणि धूळ. शेडमध्ये या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढ्याचसाठी त्यांना आयुष्यभर ठेवलं होतं. त्यांनी भिंतीतली पिन उपटली आणि सुखरामला हाक मारली.

सुखराम आला. दोघांनी डब्याचं झाकण काढलं आणि आत पाहून दोघेही मागं सरकले. पंख्यावर, तारांवर, हिरव्या सर्किटच्या पाटीवर राखेसारखा थर बसला होता. सुखराम हळूच म्हणाला, असा थर आपल्या शेडमध्ये दिसला असता तर धोक्याची शिट्टी झाली असती. व्हिडिओतली पोरं सांगत होती की धूळ ब्रशनं झाडा, नाहीतर ब्लोअरनं उडवा. हे ऐकून आनंदरावांना रागच आला. कोरडी धूळ झाडायची? उडवायची? या पोरांनी धूळ पाहिली तरी आहे का? फॅक्टरीतला पहिला धडा होता की कोरडी धूळ कधी झाडू नये. झाडली की घासते, घासली की तापते. आधी ती ओली करायची, मग ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची आणि फडकं पाण्यात बुडवून ठेवायचं.

आणि इथं एक नवल झालं. आनंदरावांची भीती गेली. दोन दिवस ज्या माणसाचा हात बटणावर थरथरत होता, त्याचा हात एकदम स्थिर झाला, कारण हे काम त्याला येत होतं. दोघांनी घड्याळं काढून ओट्यावर ठेवली. सुखरामनं करदोट्यातली किल्ली सोडली. मंगलाबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचं फडकं काढलं, लाकडी काडीला गुंडाळलं, बादलीत भिजवलं. एकानं पुसायचं, दुसऱ्यानं बघायचं, बोलायचं नाही. तास-दीड तास त्यांनी तो डबा आतून असा पुसला की कानाकोपऱ्यात बोट फिरवलं तरी काही लागू नये. बादलीतलं पाणी काळं झालं. कितीतरी वर्षांनी दोघांना शिफ्ट संपल्यासारखं वाटलं.

मग तो वाळवायचा प्रश्न आला. बाहेर वैशाखाचं ऊन भाजत होतं, पण उन्हात ठेवायला आनंदराव तयार होईनात. उन्हात वस्तू तापते. सावलीत ठेवू, हवेवर ठेवू. म्हणून त्यांनी तो कूलरसमोर ठेवला. खसच्या ओल्या जाळीतून येणाऱ्या गार हवेत तो डबा दोघांनी समाधानानं वाळत ठेवला आणि चहा घेतला. आयुष्यात आनंदरावांनी न भिता केलेलं बहुधा हेच पहिलं काम, आणि त्यातच घात झाला.

पिन लावली, बटण दाबलं. आत कुठंतरी चट् असा आवाज झाला, डब्याच्या मागून निळसर उजेड चमकला आणि जळका वास आला.

वास आला की पाहत बसायचं नाही, बाहेर पडायचं, हा फॅक्टरीतला दुसरा धडा. आनंदराव आणि सुखराम मागं न बघता, अनवाणी, भर दुपारी रस्त्यावर आले आणि सुखरामच्या घरापुढच्या सिमेंटच्या टाकीमागं जाऊन वाकून बसले. सुखरामची बायको शकुनबाई पापड वाळत घालत होती. तिनं विचारलं, काय झालं? सुखरामनं नुसतं आनंदरावांच्या घराकडे बोट दाखवलं. ती सरळ आनंदरावांच्या घरात गेली, पिन काढली, पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली, "एवढ्याशा डब्ब्यासाठी पळून राह्यले का दोघं?" आणि पापडांकडे वळली.

आनंदराव मात्र टाकीमागून उठेचनात. आता त्यांना जी भीती वाटत होती तिच्यापुढे शेडमधली भीती काहीच नव्हती. तिथं चूक झाली असती तर रागवायला आणि रागावून घ्यायला कोणी उरलंच नसतं. इथं सगळे उरणार होते. दीपमाला येणार, बटण दाबणार, काहीच होणार नाही. सोमवारी तपासणी कशावर चालवणार? तिनं टाइप केलेलं सगळं त्यातच होतं. ज्या डब्यानं निदान कुथत कुथत सुनेला आणि नातीला इथं बांधून ठेवलं होतं, तो आपल्याच हातानं मारून टाकला. रडायचंही सुचेना. सुखरामनं हात धरून उठवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गेली आता पोरगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्कूटरवरून भंडाऱ्याला निघाले. सुखराम पुढं, आनंदराव मागं, मांडीवर चादरीत गुंडाळलेला डबा. हायवेवर बाजूनं ट्रक गेला की आनंदराव डब्यावर पालथे होत. लेकरू दवाखान्यात नेताना माणूस जसा प्रत्येक खड्ड्याला शिव्या देतो, तशा ते मनातल्या मनात देत होते, आणि हा माणूस एरवी शिव्या देत नसे.

मनिष तरुण होता, घाईत होता आणि दुकानात गर्दी होती. झाकण उघडून त्यानं आत पाहिलं, मग आनंदरावांकडे पाहिलं.

"काका, धुतलं का हे?"

"पुसलं," आनंदराव म्हणाले.

मनिष हसला नाही, यासाठी आनंदराव त्याचे जन्मभर ऋणी राहिले असते. त्यानं डबा ठेवून घेतला आणि उद्या या म्हणाला. वीज पुरवणारा भाग जळला आहे हे उघडच दिसतं. पाटी वाचली की नाही हे नीट सुकवून पाहावं लागेल. आणि आतली डिस्क, जिच्यावर सगळं साठवलेलं असतं, तिचं आत्ताच सांगता येत नाही. ती रात्र आनंदरावांनी कशी काढली ते सांगण्यात अर्थ नाही. गॅसचं बटण मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही, यावरून काय ते समजावं.

रविवारी मनिषनं दुकान अर्धं उघडून बातमी दिली. पाटी वाचली, डिस्कही वाचली. जळलेला भाग बदलला. मग त्यानं कामाचं सांगितलं. मशीन मंद चालते ती धुळीनं थोडीच. मुख्य कारण ती जुनी फिरती डिस्क. तिच्या जागी नव्या तऱ्हेची, न फिरणारी डिस्क टाकली, जुन्यावरचं सगळं तिच्यावर उतरवलं आणि मेमरीची एक पट्टी वाढवली, की हीच मशीन पळायला लागते. टाकू का? आनंदराव हो म्हणाले, किती पडतील तेही न विचारता. काम करता करता मनिष बोलला, "दीपमालावैनीले मी दिवाळीतच सांग्तलं होतं हे. एका दिवसाचं काम आहे म्हटलं. पाहू म्हने, अन् मंग आल्याच नाही."

आनंदरावांनी ते ऐकलं आणि त्यांना पुन्हा गहिवरून आलं. काटकसरी पोरगी. आपल्यासाठी वाचवत होती.

दुपारी घरी आणून जोडल्यावर त्यांनी बटण दाबलं. यावेळी सुखराम दारात उभा होता, एक पाय बाहेर ठेवून. चहा ठेवायला उठावं तोवर पडदा उजळला, चिन्हं जागच्या जागी येऊन बसली आणि मशीन हुकमाची वाट पाहत थांबलं. ना घरघर, ना गोल. सुखराम म्हणाला की हे काही आपल्या मशीनसारखं वाटून नाही राहिलं, आणि आत आला.

संध्याकाळी दीपमाला आली. हातात माहेरच्या लाखोरीच्या डाळीची पिशवी, मागं उन्हानं काळवंडलेली रुचिका. हातपाय धुऊन ती थेट कॉम्प्युटरकडे गेली. उद्या सोमवार होता. आनंदराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. कबुली कशी द्यायची, हे त्यांनी दिवसभर घोकून ठेवलं होतं. दीपमालानं बटण दाबलं आणि सवयीनं उठायला लागली. अर्धी उठली आणि थांबली.

"बाबा, काय केलं हे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. लुगड्याचं फडकं, बादली, कूलर, टाकीमागं लपणं, मनिषचं दुकान. रुचिका पोट धरून हसत सुटली. दीपमालाही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती रागावली नाही. आनंदरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि ते खाटेवर बसले. तिनं कंपनीची तपासणी लावली. मशीननं ती झरझर चालवली आणि शेवटी हिरवी खूण दाखवली. पास.

दीपमाला म्हणाली, "छान झालं बाबा." आणि तशीच बसून राहिली.

आता आनंदरावांना दुसरं काही येत असो वा नसो, भ्यालेला चेहरा त्यांना ओळखता येत होता. शेडमध्ये पहिल्या दिवशी येणारी पोरं त्यांनी पाहिली होती. भीती लपवणारा माणूस हसू चेहऱ्यावरून काढायला विसरतो आणि पुन्हा पुन्हा आवंढा गिळतो. दीपमाला हिरव्या खुणेकडे बघत तसं करत होती. त्यांना वाटलं, फाइली गेल्या. तुझं काही गेलं का यातलं, असं त्यांनी विचारलं. नाही बाबा, सगळं आहे, असं ती मागं न वळता म्हणाली.

मग काय? पास झालं तर भ्यायचं काय? आणि तेव्हा त्यांना एकेक आठवायला लागलं. कायले बाबा, चालते ना. पाहू. दिवाळीत सांगितलं होतं, मग आल्याच नाही. फोनवरचा तो हलका आवाज, जो त्यांनी दुःखाचा समजला होता आणि ज्याचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. गोल फिरत असताना खिडकीबाहेर बघणं. पंचविशी ओलांडलेली पोर, वर्षातून दोनदा येणारा नवरा, आणि ती इथं म्हाताऱ्याच्या घरात लोकांचं बोलणं ऐकत बसलेली. ही पोरगी त्या डब्याच्या मरणाची वाट पाहत होती. आणि आपण मेलेला डबा जिवंत करून आणला.

ते गप्प बसू शकले असते. हवं ते सगळं त्यांच्या पदरात पडलं होतं. मशीन पास, काम इथंच, पोरगी इथंच, आणि दोष कोणाचाच नाही. उलट चार घरांत नाव झालं असतं. गप्प बसावं असं त्यांना फार वाटलं, हे लपवून उपयोग नाही. रुचिका अंगणात पळाली तेव्हा त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"दीपमाला, तुले पुण्याले जायाचं होतं का?"

माऊसवरचा तिचा हात बाजूला झाला.

"मले सांगायची भीती वाटे, बाबा," ती म्हणाली.

"मी नाही म्हणीन म्हणून?"

"नाही. तुम्ही लगेच हो म्हणसान म्हणून."

सासूची सेवा केलेल्या या मुलीला त्यांच्या होकाराची भीती होती. ते हो म्हणतील, हसून निरोप देतील आणि मग या घरात एकटे बसतील, हे तिला दिसत होतं. म्हणून दोघांपैकी कोणालाच बोलावं लागू नये, मशीननंच काय ते बोलून टाकावं, अशी तिनं वाट पाहिली होती. त्यांना एवढी भीती कधी वाटली नव्हती, शेडमध्येही नाही आणि टाकीमागंही नाही. पण भीती वाटत असताना हात कसा चालवायचा, हे तर ते पोटासाठीच शिकले होते.

"मंग हो," ते म्हणाले.

दीपमाला रडायला लागली. तुम्हीही चला ना संगं, म्हणाली. धम्मदीप कधीचा म्हणून राहिला. आनंदरावांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही. पुढं पाहू म्हणाले. सकाळपर्यंत आपला धीर टिकणार नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून ते उठून तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले की तिकीट आत्ताच पाह्य, वरठी स्टेशनाहून महाराष्ट्र एक्सप्रेसचं.

"आत्ता कायले बाबा? उद्या पाहू."

"आत्ताच पाह्य."

तिनं डोळे पुसले आणि रेल्वेचं पान उघडलं. आनंदराव पडद्याकडे बघत राहिले. थोडं अडकावं, असं त्यांना वाटलं. गोल फिरावं, चहा ठेवता यावा, पोरीला अंगणातून हाक मारता यावी, तेवढा वेळ तरी मिळावा. पान लगेच उघडलं. गाडी आली, वार आला, जागा रिकाम्या दिसल्या. प्रवाशांची नावं लिहायला दोन ओळी पुढं आल्या, एक तिची, एक रुचिकाची, आणि दीपमालानं मागं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"लिही," आनंदराव म्हणाले.